ट्विनसेटवर हवा किती राखायची? आयसोलेटर, गेज आणि एका टाकीवरचा बडी

पाणकोळी_कोथरूड

नमस्कार मंडळी. मालवण आणि नेत्राणीला स्कूबा डायव्हिंग झालंय, अंदमानला ॲडव्हान्स्ड कोर्स केलाय. आता ट्विनसेटचा, म्हणजे पाठीवर दोन टाक्या घेऊन डायव्हिंगचा कोर्स लावलाय. थिअरी आणि तलावातला सराव पुण्यातच चाललाय, समुद्रातला भाग डिसेंबरात अंदमानला. सेट असा: १२ लिटरच्या दोन टाक्या, मध्ये त्यांना जोडणारा मॅनिफोल्ड, त्यात दोन्ही बाजू वेगळ्या करणारा आयसोलेटर वॉल्व्ह, भरणा २०० बार. तोंडात धरायचा लांब होजचा रेग्युलेटर उजव्या पोस्टवर (म्हणजे त्या टाकीच्या वॉल्व्हवर), गळ्यातला बॅकअप रेग्युलेटर आणि दाब दाखवणारं गेज डाव्या पोस्टवर.

दोन-तीन गोष्टींत गोंधळ आहे. कोर्समध्ये सांगतात आयसोलेटर पूर्ण उघडा ठेवा. आमच्या ग्रुपमधले एक काका, ज्यांनी माझ्या जन्माआधीपासून डायव्हिंग केलंय, ते म्हणतात, "आयसोलेटर बंद ठेव, एक टाकी संपव, मग दुसरीवर जा. दुसरी कायम राखीव राहते." ऐकायला पटतं. मग शिकवतात उलटं, ते का?

दुसरं, बोटीवर आजवर एकच नियम ऐकलाय: ५० बारला वर या. ट्विनलाही तोच, की एक तृतीयांशाचा?

तिसरं, माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, माझा मामेभाऊ. तो एकाच ॲल्युमिनियम टाकीवर येणार आहे. त्याने काही फरक पडतो का?

माझा हवेचा खप पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर येतो, मोजलाय. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे ७२ लिटर. २०० मधून ५० सोडले तर १५० गुणिले २४, ३६०० लिटर. भागिले ७२, ५० मिनिटं. हे बरोबर आहे का?

मेंटेनन्सताई_भोसरी

तुझा भागाकार बरोबर आहे, पण ५० मिनिटं हे उत्तर धोक्याचं आहे. का ते खाली सांगते. आधी आयसोलेटर, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

मी कारखान्यात कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइन सांभाळते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगते: गेज वॉल्व्हच्या कुठल्या बाजूला बसलंय ते आधी बघ, मग आकड्यावर विश्वास ठेव. तुझ्या पाठीवर नेमकं हेच लागू होतं. गेज डाव्या पोस्टवर आहे. श्वास तू उजव्या पोस्टवरून घेतोस. या दोघांमध्ये आयसोलेटर आहे. तो उघडा असेल तर दोन्ही टाक्यांचा दाब एकच राहतो आणि गेज दोघींचं खरं सांगतं. तो बंद केलास की गेज फक्त डावीचं सांगणार, आणि तू पिणार उजवीतून. उजवी रिकामी होत जाईल, काटा २०० वरच उभा राहील. मग एका श्वासाला रेग्युलेटर जड लागेल, पुढच्याला काहीच येणार नाही. तू एकटा असशील आणि डोकं शांत असेल तर गळ्यातला बॅकअप तोंडात घेशील, डावी भरलेली आहे, निभावेल. पण त्याच वेळी मामेभावाची हवा संपली असेल तर? तू त्याला तोंडातला लांब होजवाला रेग्युलेटर देणार, आणि तो रिकाम्या टाकीला जोडलेला आहे.

काकांचा अनुभव खोटा नाही. पूर्वी गेज नसायचं, टाकीवर राखीव हवेची दांडी असायची, ती ओढली की शेवटचा साठा मिळायचा. मॅनिफोल्ड नसलेल्या दोन सुट्या टाक्याही लोक वापरत, काही जण आजही वापरतात. पण तिथे प्रत्येक टाकीला स्वतंत्र गेज असतं, आणि एक संपवून दुसरी घेत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने रेग्युलेटर बदलून दोन्ही साधारण सारख्या ठेवतात, म्हणजे कुठलीही एक बाजू गेली तरी उरलेलीत वर येण्याइतकी हवा असते. तुझा सेट तसा नाही. त्याला त्या पद्धतीने वापरलंस तर दोन्हींचे तोटे पदरात पडतील.

बंद आयसोलेटरचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो पाण्यात उतरण्याआधीच घडलेला असतो. समज, आदल्या दिवशी कुणी ड्रिलमध्ये आयसोलेटर बंद केला आणि तसाच राहिला. दोन्हीकडे ६० बार उरलेत. भरणाऱ्याने नळी डाव्या पोस्टला लावली आणि २०० भरले. उजवी ६० वरच. तू बोटीवर गेज बघितलंस, २०० दिसले, समाधान झालं. तुझ्या हिशेबात ४८०० लिटर, प्रत्यक्षात २६० गुणिले १२, म्हणजे ३१२०. म्हणून सेट जोडल्यावर मी गेज बघत बघत आयसोलेटर आधी पूर्ण बंद करते आणि मग सावकाश पूर्ण उघडते. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर काहीच होत नाही. नसेल तर मॅनिफोल्डमधून स्पष्ट फुसफुस ऐकू येते आणि काटा डोळ्यांदेखत २०० वरून १३० कडे सरकतो. तसं झालं की उतरायचं नाही, परत भरून आणायचं. बोट थांबेल, लोक कुरकुर करतील, करू देत.

पाण्यात मात्र एकच सवय लाव: गेज हातात घेण्याआधी आकडा मनात म्हण, मग बघ. तुझा खप ३० मीटरवर ७२ लिटर आणि टाक्या २४ लिटरच्या, म्हणजे मिनिटाला ३ बार. पाच मिनिटांनी १५ बार उतरलेले दिसायला हवेत. जास्त उतरले तर गळती आहे, किंवा तू धापा टाकतोयस. अजिबात उतरले नाहीत तर त्याहून वाईट. न हलणारा काटा म्हणजे एक तर आयसोलेटर बंद आहे, किंवा डावा पोस्ट बंद झालाय आणि होजमध्ये अडकलेला जुना दाब तेवढा दिसतोय. डावा पोस्ट आपोआप बंद होऊ शकतो. कशाच्या तरी खालून पुढे जाताना त्याचा नॉब वर घासला की तो बंद होण्याच्याच दिशेने फिरतो. उजवा त्याच घासण्याने उघडतो. म्हणून रेकमध्ये (बुडालेल्या जहाजात), कपारीखाली, अगदी बोटीच्या शिडीला पाठ लागली तरी हात मागे नेऊन तिन्ही नॉब चाचपायचे.

आणि एक. एका टाकीवर श्वास घेताना काटा थरथरला की वॉल्व्ह अर्धवट उघडा आहे हे कळतं. ट्विनवर उजवा पोस्ट अर्धवट असेल तर काटा काहीच सांगणार नाही, कारण तो त्या बाजूला नाहीच. वर छान श्वास येईल आणि ३० मीटरवर ओढावा लागेल. नॉब हाताने फिरवून बघण्याला पर्याय नाही.

आता हवा किती राखायची ते. ५० बारचा नियम बोटीवर सांगायला सोपा म्हणून टिकलाय. तो ना खोली विचारतो, ना टाकीचा आकार. हिशेब लिटरमध्ये कर. सर्वांत वाईट क्षणी, म्हणजे तळाशी असताना, तुझ्या बडीची हवा गेली. दोघांनी एका साठ्यावर वर यायचंय. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर धर, दोघांचे ६०.

३० मीटरवर सावरायला २ मिनिटं: ६० गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ४८०. तिथून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरने साधारण ३ मिनिटं, सरासरी दाब २.७५: ४९५. सेफ्टी स्टॉप, म्हणजे ५ मीटरवरचा थांबा, ३ मिनिटं दीड बारला: २७०. शेवटचे ५ मीटर सावकाश: ७५. बेरीज १३२० लिटर. तुझ्या २४ लिटरला भाग, ५५ बार. खाली असताना याच्या खाली काटा जाता कामा नये. मी गेजची चूक धरून ७० म्हणते.

हाच आकडा मामेभावाच्या ११.१ लिटरच्या टाकीला लाव. ११९ बार! म्हणजे ३० मीटरवर त्याने १२० ला निघायलाच हवं. त्याच्याकडे खर्चायला ८० बार, ८८८ लिटर. त्याचा खप २० धरला तर उतरण्यासकट ११ मिनिटं. "तुझ्याकडे भरपूर आहे, मग मी कमी राखलं तर चालेल" असं तो म्हणेल. चालणार नाही. हवा तुझीही जाऊ शकते, आणि तेव्हा तू त्याच्याकडेच जाणार. दोघांत ज्याचा आकडा आधी येईल त्याने खूण करायची आणि दोघांनी वर यायचं. तुला खरंच ३० मीटरवर वेळ हवा असेल तर बडीही ट्विनवर हवा. नाही तर दोघं मिळून १८ मीटरवर जा, तिथेही पाहण्यासारखं भरपूर आहे.

एक तृतीयांशाचा नियम फ्लोरिडाच्या गुहांमधल्या डायव्हरांनी रुजवला, गुहांमधला नामवंत डायव्हर शेक एक्सलीने त्याचा खूप पुरस्कार केला. डोक्यावर छत असतं, सरळ वर येता येत नाही, आल्या वाटेनेच परतावं लागतं, तिथला तो नियम आहे. एक भाग जायला, एक यायला, एक दुसऱ्यासाठी. उघड्या पाण्यात तुला वरचा १३२० चा हिशेब पुरतो. रेकच्या आत शिरणार असशील तर तृतीयांश ही कमाल मर्यादा, त्याहून जास्त खर्च करायचा नाही. आणि तोही बारमध्ये नव्हे, लिटरमध्ये. तुझा सेट २४ चा आणि बडीचा २० चा असेल तर लहान सेटचा तिसरा हिस्सा दोघांना लागू: २०० चा तिसरा हिस्सा ६६, खाली उतरवून ६० बार धर, गुणिले २०, १२०० लिटर, तुझ्या गेजवर ५० बार. दोघांनी आपापल्या गेजवर ६६-६६ खर्च केलेत तर परतीच्या वाटेवर त्याच्या साठ्यात दोघं मावणार नाहीत.

आता तुझी ५० मिनिटं. साध्या हवेवर ३० मीटरला रिक्रिएशनल टेबलची नो-डेको मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे (डेको) न लागता खाली राहता येईल तो वेळ, २० मिनिटं आहे, कॉम्प्युटर सेटिंगप्रमाणे थोडं इकडेतिकडे. एका टाकीवर हवा आधी संपते, म्हणून ही मर्यादा आजवर तुला फारशी नडली नाही. ट्विनवर २० मिनिटांत तू फक्त १४४० लिटर वापरशील, ६० बार. म्हणजे निघायच्या वेळी काटा १४० दाखवत असेल. ट्विनसेटवरचा सगळ्यात अवघड क्षण हाच. काहीच चुकलेलं नाही, हवा मुबलक आहे, मासे आत्ताच जमलेत. अजून दहा मिनिटं थांबलास की डेको लागला, आणि मी वर मांडलेला ५५ चा हिशेब तिथेच खोटा ठरला, कारण त्यात डेकोच्या थांब्यांची दोघांची हवा धरलेलीच नाही. डेको करायचा असेल तर त्याचा वेगळा कोर्स, वेगळा हिशेब. या सीझनला दुसरी टाकी तुझ्यासाठी राखीव आहे, वाढीव वेळ नाही.

औंधचा_डॉक्टर

ताईंनी हिशेब चोख मांडलाय. मी श्वासाबद्दल थोडं लिहितो, कारण "हवा वाचवायची" म्हणून मुलं श्वास अडवायला शिकतात आणि त्याचं कौतुकही होतं.

श्वास घेऊन धरून ठेवला की कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं दुखतं, धाप लागते, नायट्रोजनची गुंगी वाढते, आणि शेवटी खप कमी न होता वाढतो. खोलीवर हवा दाट होते हेही लक्षात घ्या. ३० मीटरला तिची घनता लिटरला साधारण ५.२ ग्रॅम होते. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल या संशोधकांनी २०१६ साली सुचवलेली सोयीची मर्यादा हीच आहे, आणि ६.२ च्या पुढे जाऊच नका असं ते सांगतात. ट्विनसेट आहे म्हणून साध्या हवेवर ४५-५० मीटरचे मनसुबे कुणी रचत असेल तर त्याने हे जरूर वाचावं. टाकीत हवा शिल्लक असते, छातीलाच ती हलवणं झेपत नाही. खप कमी करायचा तर सावकाश पोहा, वजन नीट लावा, श्वास लांब आणि सलग घ्या.

दुसरं पुणेकरांसाठी खास. मालवणहून लोक दुपारी शेवटचा डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढतात. उंचीवर हवेचा दाब कमी, अंगात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे, आणि आपलं पुणंच ५६० वर. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमानाबाबतचा सल्ला केबिनची उंची २००० फुटांच्या, म्हणजे ६१० मीटरच्या वर असेल तेव्हा लागू होतो: एका नो-डेको डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवसांनंतर १८, डेको केला असेल तर त्याहून बराच जास्त. घाट ओलांडणंही मी याच हिशेबात धरतो. ट्विनवर तुम्ही खाली जास्त वेळ असता, अंगात नायट्रोजन जास्त भरतो, म्हणजे ही रात्र खालीच काढायला हवी. सकाळी घावणे खाऊन निघा. सांधा दुखला, मुंग्या आल्या, त्वचेवर चट्टे दिसले तर गाडी चालवून पुणं गाठायचा विचार करू नका. ऑक्सिजन आणि डॉक्टर, आणि तेही लगेच.

पाणकोळी_कोथरूड

ताई, डॉक्टर, मनापासून आभार. काल तलावावर आयसोलेटर बंद-उघड करून काटा बघितला. हलला नाही, तेव्हा फार बरं वाटलं.

१४० बारवर निघायचं हे कागदावर लिहून ठेवलंय. आता एकच: खाली असताना मागून बुडबुड्यांचा मोठा आवाज आला तर आधी कुठला नॉब? सर एक क्रम सांगतात, इंटरनेटवर तीन दिसतात. आणि खरं सांगायचं तर डावा नॉब माझ्या बोटांना जेमतेम लागतो.

तळ_३०

नॉबपुरतं लिहितो. आधी पट्टे बघ. नवीन लोक सेट खाली लोंबकळू देतात आणि मग खांद्याला दोष देतात. टाक्या थोड्या वर घे, कमरेचा पट्टा घट्ट, खांद्याचे किंचित सैल. मान मागे टाक, कोपर कानाजवळून वर ने, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दे. रोज दाराच्या चौकटीला हात लावून खांदा मोकळा करत जा. तरीही पोचत नसेल तर तो सेट घेऊन उतरू नये, कारण ज्या वॉल्व्हला हात पोचत नाही त्याचा तुला उपयोग नाही.

वजनाकडेही लक्ष असू दे. ४८०० लिटर हवा म्हणजे जवळपास पावणेसहा किलो. त्यातली जितकी वापरशील तितका शेवटी तू हलका होतोस आणि सेफ्टी स्टॉपला वर तरंगू लागतोस. उलट सुरुवातीला स्टीलचा सेट आणि आपल्या पाण्यातला पातळ ३ मिलिमीटरचा सूट, म्हणजे विंग (पाठीवरची फुगवायची पिशवी) फाटली तर पायांनी वर येणं कठीण. गरम पाण्यात ॲल्युमिनियमचा जोड मला जास्त भरवशाचा वाटतो.

मेंटेनन्सताई_भोसरी

क्रमाबद्दल: तुझे सर जो शिकवतात तोच पाळ आणि बडीलाही तोच शिकव. दोघांचे दोन क्रम असले की पाण्यात गोंधळ होतो. कारण मात्र समजून घे, म्हणजे क्रम पाठ करावा लागणार नाही.

बहुतेक गळती रेग्युलेटरच्या बाजूला होते: फ्री फ्लो (रेग्युलेटर आपोआप वाहत राहणं), होज, फर्स्ट स्टेजची (रेग्युलेटरचा वॉल्व्हवर बसणारा भाग) ओ-रिंग. उजवीकडची असेल तर बॅकअप तोंडात घ्यायचा आणि उजवा पोस्ट बंद करायचा. आयसोलेटर उघडा असल्यामुळे दोन्ही टाक्यांची हवा डाव्या पोस्टमधून मिळत राहते, काहीच वाया जात नाही. फक्त तुझ्या मांडणीत विंगचा इन्फ्लेटरही उजवीकडे असणार, तो गेला. पुढे तोंडाने फुगवायचं, ते तलावात करून बघ. डावा पोस्ट बंद करावा लागला तर बॅकअप गेला आणि गेजचाही उपयोग उरला नाही, म्हणजे तिथून पुढे वेळ आणि मनातला आकडा यांवरच चालायचं.

टाकीच्या मानेची ओ-रिंग किंवा बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला तर फुटणारी चकती) गेली तर पोस्ट बंद करून उपयोग नाही, कारण गळती वॉल्व्हच्या आधी आहे. तिथे आयसोलेटर बंद केला की निदान अर्धी हवा वाचते. आवाज कुठून येतोय हे कळतच नसेल तर काही संस्था म्हणूनच आधी आयसोलेटर बंद करायला शिकवतात. आणि यातलं काहीही झालं तरी डाइव्ह तिथेच संपला. गळती थांबली म्हणून फिरत राहायचं नाही.

आवाजाला भुलू नकोस. गेजचा हाय प्रेशर होज फुटला तर दणका मोठा बसतो, पण फर्स्ट स्टेजच्या त्या पोर्टला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, हवा त्यामानाने हळू जाते. लो प्रेशर होज फुटला किंवा रेग्युलेटर खदाखदा वाहू लागला तर साठा कितीतरी वेगाने उतरतो. दोन्ही वेळी आधी बडीला दिव्याने खूण, मग हात मागे. त्याला तुझी पाठ दिसते, तुला दिसत नाही.

ज्या दिवशी तिन्ही नॉब न बघता, एका जागी स्थिर राहून बंद-उघड करता येतील त्या दिवशी समुद्रात जा. डिसेंबरपर्यंत जमलं नाही तर तारीख पुढे ढकल. तिकिटाचे पैसे जातील, जाऊ देत.

आणि मामेभावाला अंदमानला टाकीच्या खांद्यावर ठोकलेला लिटरचा आकडा वाचायला सांग. भाड्याने १० लिटरचीही मिळू शकते. तसं असेल तर त्याचे १२० बार विसरा, ३० मीटरवर त्याला १३२ ला निघावं लागेल.